हातकाम 'वरून चिकटवलेलं' का वाटतं? फॅशनमध्ये कारागिरीचं नेमकं काम काय?

उसवलेली_शिवण

नमस्कार मंडळी. प्रश्न लांबलचक आहे आणि वैतागून लिहितेय, सांभाळून घ्या.

मी फॅशन डिझाइनच्या शेवटच्या वर्षाला आहे. फायनल कलेक्शनमध्ये सहा कपडे करायचेत आणि आमच्या मेंटॉर मॅडमचं एकच पालुपद, "क्राफ्ट टाक, क्राफ्टशिवाय स्टोरी होत नाही." जणू पत्त्यातला हुकूमच, टाकला की डाव आपला.

तर मी एक आखूड जॅकेट डिझाइन केलं, कंबरेपर्यंतचं, त्याच्या डाव्या खांद्यावरून एक वेल पाठीवर उतरते आणि उजव्या कुशीकडे वळते. स्केच झालं, पॅटर्न झाला, कापड कापलं, खांदे आणि एक कूस शिवूनही झाली, आणि मग ते घेऊन मी आरीकाम (टोकाला हूक असलेल्या आरीने घातलेलं साखळी टाक्याचं भरतकाम) करणाऱ्या एका काकांकडे गेले. त्यांनी जॅकेट हातात घेतलं, उलटं केलं, परत सुलटं केलं, खांद्याच्या शिवणीवरून अंगठा फिरवला आणि म्हणाले, "आता हे चौकटीवर ताणायचं कसं पोरी?" मला पटकन कळेचना ते काय म्हणतायत. मग त्यांनी समोरची चौकट दाखवली, तिच्यावरचं कापड इतकं ताणलेलं होतं की बोटाने टिचकी मारली तर टण्ण वाजलं. शिवलेलं जॅकेट असं ताणणार कुठून? त्यात वर दुसरा प्रश्न, "खांद्यावर बॅगेचा पट्टा येतो ना तुमचा? मग नेमके तिथेच मणी कशाला?"

मी तोंड पाडून निघाले आणि (इथे शिव्या खाणार हे माहितीय) सरळ मशीन एम्ब्रॉयडरीवाल्याकडे गेले. त्याने एक शब्द विचारला नाही. तासाभरात काम हातात. घरी येऊन बघते तर पाठीचा भाग आक्रसून वेलीच्या बाजूने चुण्या पडलेल्या, आणि वेल खांद्याच्या शिवणीपाशी अशी थांबलेली की कुणी कात्रीने छाटलीय. लांबून बघितलं तर स्टिकर लावल्यासारखी दिसते.

आणि कळस म्हणजे मॅडमना आवडलं! "छान, क्राफ्ट दिसतंय आता."

तेव्हापासून डोक्यात एकच चाललंय. मशीनचं काम बघून क्राफ्ट दिसत असेल, तर काकांच्या कामाचा उपयोग नक्की काय? आजच्या फॅशनमध्ये हातकाम म्हणजे वरून लावायची शोभा आणि टॅगवर लिहायची दोन वाक्यं एवढंच आहे का, की त्याने कपड्यातच काही फरक पडतो? भावनिक उत्तरं नकोत प्लीज, "आपला वारसा" वगैरे मी स्वतः प्रोजेक्ट रिपोर्टमध्ये तीन पानं लिहिलंय.

काजबटण

ताई, शिवणकामात बावीस वर्षं गेली, त्यातली बरीचशी कोट शिवण्यात. आधी एक सांगतो, ते काका तुमच्याशी डिझाइनच बोलत होते, तुम्हाला ते नकार वाटलं.

भरतकाम कापडाला आत ओढतं, हा त्याचा स्वभावच आहे. प्रत्येक टाका थोडासा आवळला जातो, असे हजार टाके पडले की कापड सगळ्या बाजूंनी बोटभर सुद्धा कमी होतं. म्हणून रीत अशी की आधी कापायचंच नाही. अख्ख्या कापडावर पॅटर्नची बाहेरची रेघ कच्च्या दोऱ्याने घालून घ्यायची, चौकटीवर ताणायचं, काम करायचं, चौकटीवरून उतरवून परत पॅटर्न ठेवून बघायचं, आणि मग कात्री. शिवणीसाठी जो दाब सोडतो तिथे एकही मणी नको, नाहीतर मशीनची सुई मोडते किंवा मणी फुटतो. आणि मग शिवण झाल्यावर, ही खरी गंमत, वेल जिथे तुटलेली दिसते तेवढा दोन-तीन इंचाचा भाग हातात धरून साध्या सुईने भरायचा. तेव्हा ती वेल खांद्यावरून न थांबता पलीकडे जाते, शिवण शोधावी लागते. मशीनवाल्याला हे जमत नाही असं नाही म्हणत मी, पण त्याच्या हूपमध्ये, म्हणजे कापड ताणायच्या रिंगमध्ये, जेवढं आलं तेवढं त्याचं काम, पुढे काय शिवलं जाणार हे त्याला कुणी सांगितलंच नाही आणि त्यानेही विचारलं नाही.

दुसरं, तुम्ही "वरून लावायची शोभा" म्हणालात. कोटातलं सगळ्यात मोठं हातकाम दिसतच नाही. चांगल्या कोटाच्या छातीत कापड आणि अस्तर यांच्या मधे कॅनव्हास असतो, घोड्याच्या केसांचा वगैरे विणलेला. लॅपेलचा, म्हणजे छातीवर बाहेर वळणाऱ्या कॉलरच्या पट्टीचा, भाग डाव्या हाताच्या बोटांवर गोल वाकवून धरायचा आणि तो वाकलेला असतानाच तिरके बारीक टाके घालत जायचं, शेकड्यांनी. टाके पूर्ण झाले की बोट काढून घेतलं तरी लॅपेल वाकलेलीच राहते, कारण आतला थर बाहेरच्यापेक्षा किंचित आखूड होऊन बसलेला असतो. इस्त्रीने घडी पाडलेली लॅपेल आणि ही लॅपेल शेजारी ठेवा, एक कागदासारखी दुमडलेली दिसेल आणि एक पान उलटावं तशी वळलेली. लंडनच्या सॅव्हिल रोवरच्या शिंप्यांच्या संघटनेने बिस्पोक, म्हणजे एकाच माणसाच्या मापाने शिवलेल्या, सूटला निदान 50 तास हाताचं काम असावं असं ठरवलंय, त्यातला मोठा वाटा असल्या न दिसणाऱ्या टाक्यांत जातो.

रेडिमेड कोटात बहुतेक वेळा तिथे गोंदाचं इंटरलायनिंग (आतला आधाराचा थर) इस्त्रीने चिकटवतात. काम पटकन होतं, सुरुवातीला दिसतंही छान, पण पाच-सहा ड्रायक्लीननंतर छातीवर फोड आल्यासारखं कापड सुटतं ते त्यामुळे. बघायचं असेल तर कोटाच्या शेवटच्या बटणाखाली पुढचं कापड आणि अस्तर चिमटीत धरून वेगळं करा. मधे तिसरा थर सुटा हाताला लागला तर कॅनव्हास. नाही लागला, बाहेरचं कापडच जाडसर लागलं, तर गोंद.

एक_वाचक

ते सगळं ठीक, पण मॅडमना सांगितलं का मशीनचं आहे ते? हाहा

उसवलेली_शिवण

नाही. मार्क अजून त्यांच्या हातात आहेत.

@काजबटण दादा, खूप खूप थँक्यू. "बोटावर वाकवून टाके" हे वाचून मी लगेच जुना कोट काढून चिमटीत धरून बघितला. गोंद निघाला.

धोटा

मी विणण्याच्या बाजूचा माणूस, शिवणातलं मला ओ की ठो कळत नाही, पण तुमच्या प्रश्नाचं उत्तर मला कापडाच्या पन्ह्यात, म्हणजे रुंदीत, दिसतं.

हातमागावर आडवा धागा नेणारा धोटा एका हाताने फेकायचा आणि दुसऱ्या हाताने झेलायचा. म्हणजे एकट्या माणसाचे हात जेवढे पोचतील तेवढाच पन्हा, त्याहून रुंद विणायचं तर दोन माणसं लागत. 1733 मध्ये जॉन के याने दोरीने ओढायचा धोटा काढला तेव्हा ही अडचण गेली. पण त्याआधीचे कितीतरी पारंपरिक कपडे बघा, ते कापडाच्या पन्ह्यातून जन्माला आलेत. जपानी किमोनोचं कापड साधारण 36-38 सेंटीमीटर रुंद असतं, म्हणून किमोनो म्हणजे सरळ पट्ट्या, कुठे गोलाई नाही, जवळजवळ चिंधी पडत नाही. इतकंच काय, जुन्या पद्धतीत किमोनो धुवायचा तर तो आख्खा उसवायचे, पट्ट्या धुऊन ताणून वाळवायच्या आणि परत शिवायचा (तुमच्या आयडीला शोभेल असं काम). म्हणजे कपड्याचा आकार आधी ठरला आणि मग कापड शोधलं असं तिथे नाहीच, माग आधी, कपडा नंतर. आजची फॅशन बरोबर उलटी चालते, आधी स्केच. त्यात हातमागाचं कापड आणून गोल बाही कापली की उरलेल्या चिंध्या बघून विणणाऱ्याचा जीव जातो, माझा तरी जातो.

आता उलट बाजू पण सांगतो, नाहीतर मी जुनं ते सोनं गटातला वाटेन. स्कॉटलंडच्या पश्चिमेच्या बेटांवर हॅरिस ट्वीड विणतात. 1993 मध्ये ब्रिटिश संसदेने त्याच्यासाठी वेगळा कायदा केला, लोकर बेटांवरच रंगवायची, तिथेच कातायची, आणि विणायचं ते बेटांवरच्या माणसाने, स्वतःच्या घरी, हाताने. एवढं कडक. पण 90 च्या दशकात हे लोक अडचणीत होते कारण त्यांचं कापड 75 सेंटीमीटर पन्ह्याचं निघायचं आणि कपड्यांच्या कारखान्यांची टेबलं, लेआउट सगळं 150 ला बसवलेलं. मग त्यांनी काय केलं, दुप्पट पन्ह्याचे नवे माग आणले, जे सायकलसारखे पायाने मारतात. वीज नाही, म्हणजे कायदा मोडला नाही, आणि कापड कारखान्याच्या टेबलावर बसलं. पुढे 2004 मध्ये नायकीने त्यांच्या टर्मिनेटर बुटांसाठी हेच ट्वीड घेतलं, घराघरातल्या मागांवरून हजारो मीटर कापड निघालं.

आणि गंमत बघा, सूत गिरणीत कातलेलं, माग पायाने चाललेला, तरी कायद्याने ते हाताचं विणकाम. हाताचं म्हणजे नेमकं किती हाताचं हे कुणीतरी बसून ठरवलं आणि ते सगळ्यांना माहिती आहे, मला हे फार आवडतं. इतर ठिकाणी "हँडक्राफ्टेड" लिहिलं की झालं, मग त्यात हाताने काय केलं तर टॅग बांधला.

सरळ_बोलतो

धागा छान चाललाय म्हणून खडा टाकतो.

तुम्ही सगळे जे सांगताय ते महागड्या कपड्यांचं आहे. 50 तासांचा सूट किती लोक घालणार? बाकी दुनियेसाठी हातकाम म्हणजे टॅगच. भरतकामाचं शिफ्ली मशीन 1863 चं आहे, आपोआप नक्षी विणणारा जकार्डचा माग 1804 चा, म्हणजे दोनशे वर्षं झाली यंत्र हे सगळं करतंय आणि आपण अजून "हाताची सर यंत्राला नाही" म्हणतोय. जरा फरक असेल, घालणाऱ्याला दिसत नाही. मॅडमना दिसला का?

आणि वाईट वाटून घेऊ नका पण कारागिराला त्यातून काय मिळतं? नाव डिझायनरचं, फोटो डिझायनरचा, कारागीर ब्लर केलेल्या बॅकग्राउंडमध्ये, मान खाली घालून, फोटोत फक्त हात. हात फोटोजेनिक असतात ना.

काजबटण

@सरळ_बोलतो फोटोतल्या हातांचं पटलं, आपल्याकडून त्यावर वाद नाही.

पण यंत्र आणि हात असे दोन पक्ष करू नका. मी जकार्ड लावलेल्या हातमागावरचं कापड रोज कापतो, नक्षीचे उभे धागे जकार्ड उचलतं आणि विणतो माणूस. आणि डेनिमवाल्या लोकांना विचारा युनियन स्पेशल 43200जी म्हणजे काय. जीन्सची खालची दुमड साखळी टाक्याने शिवणारं जुनं मशीन आहे ते. त्याची खोड अशी की दुमडलेलं कापड वरचं-खालचं सारखं पुढे सरकत नाही, जरासं तिरकं पिळलं जातं, आणि धुऊन धुऊन तिथे दोरखंडासारख्या फिकट-गडद पट्ट्या पडतात. म्हणजे मशीनची चूक. आज ती चूक हवी म्हणून लोक ती जुनी मशीनं शोधत फिरतात, चालवणारा कारीगर ती नेमकी कशी पाडायची ते शिकतो. आता हे हातकाम म्हणायचं की मशीनकाम, तुम्हीच सांगा.

माझ्या लेखी प्रश्न एकच, काम करणाऱ्याला "इथे हे बसणार नाही" म्हणायची मुभा आहे का. ताईंच्या मशीनवाल्याला ती नव्हती आणि नको होती. काकांनी ती न विचारता घेतली.

जुनी_पेटी

उशिरा येतेय. मी संग्रहालयात कापडं सांभाळायचं काम केलंय काही वर्षं, त्यामुळे माझी सुई जुन्या गोष्टींवर अडकते, पण दोन उदाहरणं द्यायचीच आहेत कारण मूळ प्रश्न "कपड्यातच काही फरक पडतो का" हा आहे.

फॉर्च्युनी नावाचा माणूस व्हेनिसमध्ये 1907 च्या सुमाराला डेल्फॉस नावाचा रेशमी गाउन करायला लागला. त्यात कट असा काही नाहीच, सगळा खेळ अतिशय बारीक, हाताने घातलेल्या उभ्या चुण्यांचा, आणि कडेला काचेचे मणी, ते नुसते शोभेचे नाहीत, वजनाने कापड खाली ओढून धरतात. हे गाउन हँगरला लावत नसत. पीळ घालून, लोकरीची लड गुंडाळतो तसे गोल डबीत ठेवायचे. ओले झाले की चुण्या जायच्या, मग परत त्याच्याकडे पाठवून घालून आणायच्या. मी असा एक गाउन डबीतून बाहेर काढताना बघितलाय, मुठीएवढा गोळा होता, सोडला तर पायापर्यंत सरसरत खाली गेला. चुण्यांची ती नेमकी कृती गुप्तच राहिली आणि तशीच्या तशी अजून कुणाला जमलेली नाही. इथे कारागिरी बाजूला काढली तर उरतं काय? एक सरळ रेशमी नळकांडं.

दुसरं जपानी डिझायनर इसे मियाकेचं. 1993 चं प्लीट्स प्लीज. नेहमी चुण्या घातलेलं कापड आणतात आणि त्याचा कपडा शिवतात. याने उलटं केलं. कपडा आधी शिवायचा, अडीच-तीन पट मोठा, कुणा राक्षसाला होईल असा, मग कागदांमध्ये घालून उष्णतेने चुण्या पाडायच्या, की तो माणसाच्या मापाचा होतो. पॉलिएस्टरचं कापड, यंत्राची उष्णता, रोजचा वापर, मशीनमध्ये धुवा, इस्त्री नको, म्हणजे @सरळ_बोलतो म्हणतात तसं 50 तासांच्या सूटवाल्यांपुरतं हे नाही. पण कागदाच्या साच्यात कापड दाबून चुण्या घालायची युक्ती मात्र जुन्या प्लीट कारागिरांची. पॅरिसमध्ये लोन्यों म्हणून 1853 पासूनचं घराणं आहे, तिथे अजून पुठ्ठ्याच्या दोन साच्यांमध्ये कापड ठेवून दोघं जण समोरासमोर उभे राहून तो साचा मिटतात, बांधतात आणि वाफेवर ठेवतात. दोघांचा श्वाससुद्धा एकदम लागतो म्हणतात तसला प्रकार.

आता मोबदल्याचं आणि नावाचं. लोन्यों आज शनेल या फ्रेंच फॅशन कंपनीच्या मालकीचं आहे. शनेलने 1985 मध्ये त्यांना बटणं पुरवणारा कारखाना घेतला आणि मग एकेक करत पिसांचं काम करणारे, 1924 पासून भरतकाम करणारे लेसाज, हातमोजेवाले, असे कितीतरी घेतले. बरेच लोक याला मेहेरबानी म्हणतात. मला ती व्यवहारातली अक्कल वाटते, हे कारखाने बंद पडले असते तर त्यांचे स्वतःचेच कपडे झाले नसते. पण एक मान्य करावं लागेल, त्या घराण्यांची नावं निदान माहिती आहेत, ती इतर डिझायनरांचंही काम घेतात. जगातल्या बहुतेक कारागिरांना एवढंही मिळत नाही.

नाव जाणं ही नवी भानगड नाही. आपण जिला कोयरी म्हणतो तिला इंग्रजीत काय म्हणतात? पेझ्ली. ते स्कॉटलंडमधल्या एका गावाचं नाव. काश्मीरच्या शालींची नक्कल त्या गावात मागांवर इतकी निघाली की नक्षीलाच गावाचं नाव चिकटलं. नक्कल करणाऱ्याचं नाव राहिलं, ज्यांनी वर्ष वर्ष एकेक शाल विणली त्यांचं गेलं.

सरळ_बोलतो

पेझ्ली हे गावाचं नाव आहे हे माहिती नव्हतं. बरं. एक गुण तुम्हाला.

पण मग माझाच मुद्दा पुढे नेतो, कायद्याने काही होतं का? 2025 च्या जूनमध्ये मिलानच्या शोमध्ये प्रादा या इटालियन कंपनीने कोल्हापुरीसारख्या सँडल आणल्या, वर्णनात फक्त लेदर सँडल. ओरड झाली, मग कंपनीने मान्य केलं की प्रेरणा भारतातल्या पारंपरिक चपलांची आहे. कोल्हापुरीला 2019 पासून जीआय (भौगोलिक मानांकन) होतं की, महाराष्ट्र आणि कर्नाटकातल्या चार-चार जिल्ह्यांचं. काय उपयोग झाला?

जुनी_पेटी

जीआय हे नावाचं संरक्षण आहे. दुसऱ्या कुणी आपल्या चपलेला "कोल्हापुरी" म्हणून विकलं तर ते आड येतं. नाव न घेता आकार उचलला तर हातात फार काही नसतं, म्हणजे या प्रकरणात नाव न घेणं हीच पळवाट होती, आणि लोकांचा राग पण नेमका त्याच्यावरच होता. तेव्हा जे झालं ते ओरडण्याने झालं, कायद्याने नाही, हे तुमचं बरोबर.

मेक्सिकोने वेगळा रस्ता धरलाय. तिथलं सांस्कृतिक खातं 2019 पासून मोठ्या डिझायनरांना सरळ जाहीर पत्रं पाठवायला लागलं, हे भरतकाम अमुक समाजाचं आहे, तुम्ही कुणाच्या परवानगीने वापरलं, त्यांना काय मिळणार. कॅरोलिना हेरेरा, मग 2020 मध्ये इझाबेल मारां, तिने तर माफी मागितली. आणि 2022 मध्ये कायदा आला, त्यात नक्षी ही त्या समाजाची सामूहिक मालमत्ता धरलीय, एका माणसाची नाही. तो देशाबाहेर किती चालेल हे बघायचं, पण विचार तरी योग्य जागी आहे.

एक_वाचक

माझा बाळबोध प्रश्न. दुकानात उभं राहून हातमाग की यंत्रमाग हे कसं ओळखायचं? काठाला बारीक भोकं असली की हातमाग असं मी वाचलंय.

धोटा

ते वाचलेलं विसरा. विणताना कापड आत आक्रसू नये म्हणून काठाला टोकेरी दातांची पट्टी लावून ताणून ठेवतात, त्याची ती भोकं. पण यंत्रमागावर पण ताणायला दातेरी चकत्या असतात, त्यांच्याही खुणा पडतात. तसंच काठ बंद, धागा वळून परत आत गेलेला, म्हणजे हातमाग असंही नाही, धोट्याचा यंत्रमाग असेल तरी काठ बंदच निघतो. ज्या सेल्व्हेज (बंद काठाच्या) डेनिमचं एवढं कौतुक ते यंत्रमागावरचंच असतं, फक्त जुन्या धोटेवाल्या. नव्या बिनधोट्याच्या मागावर धागा दरवेळी कापला जातो म्हणून काठाला झालर दिसते, किंवा टोकं आत खोचलेली. तेव्हा झालर असेल तर हातमाग नाही एवढं म्हणता येतं. बंद काठावरून काही सिद्ध होत नाही.

मी काय करतो, कापड उजेडासमोर धरून आडव्या धाग्यांच्या मधलं अंतर बघतो. माणसाने फणी ठोकलेली असली की ठोका कुठे जरा जड कुठे हलका, दर थोड्या अंतराने पट्टा किंचित घट्ट-विरळ होत जातो. विणणारा उठून गेला आणि परत बसला तर ती जागासुद्धा कधीकधी सापडते. पण खरं सांगू, चांगला विणकर असेल तर हेही दिसत नाही. मी स्वतः दोनदा फसलोय, आणि दोन्ही वेळा हातमागाला यंत्रमाग म्हणून, उलटं नाही.

काजबटण

आरीकामाचं सोपं आहे, उलटी बाजू बघा. आरीच्या साखळीचं शेवटचं टोक उलट दिशेने ओढलं की सगळी साखळी सरसर उसवते, म्हणून कारीगर शेवटाला गाठ नीट मारतो, आणि ती गाठ दरवेळी जरा वेगळी पडते. कॉम्प्युटर एम्ब्रॉयडरीत उलट बाजूला खालच्या बॉबिनचा दोरा दिसतो, बहुतेकदा पांढरा, आणि मागे कागदासारखं बॅकिंग. दुकानात कुणी उलटी बाजू बघू देत नसेल तर घेऊ नका.

जाता जाता, ही आरी म्हणजे मोच्याची आरीच. चामड्याला भोक पाडायचं हत्यार, बारीक होत होत रेशमावर आलं. युरोपात जे टांबोर भरतकाम म्हणतात ते पण आपल्या बाजूनेच तिकडे गेलेलं. फ्रान्समध्ये ल्युनेव्हिलच्या पद्धतीत तर मणी कापडाच्या खालून लावतात, करणारीला समोर दिसते उलटी बाजू, सुलटी दिसतच नाही, सगळं बोटांच्या अंदाजाने. मी एकदा प्रयत्न केला होता. पाचपैकी तीन मणी आपले खाली जमिनीवर.

उसवलेली_शिवण

अपडेट द्यायला आले, दहा-बारा दिवस झाले.

जॅकेट उसवलं. मशीनची वेल काढायचा प्रयत्न केला तर कापडात सुयांची भोकं राहिली, तो भाग बाद. नवीन कापड घेतलं, न कापता घेतलं, आणि कच्च्या दोऱ्याने पॅटर्नची रेघ घालून काकांकडे गेले. त्यांनी रेघ बघितली आणि काही बोलले नाहीत, सरळ टाचण्या घेऊन चौकटीला लावायला घेतलं, म्हणजे बहुतेक पास झाले.

वेल पण बदलली. खांद्यावरून नाही येत आता. काकांनी मला जॅकेटचा जुना नमुना घालून उभं केलं, बॅग अडकवायला लावली, हात वर करायला लावला, खुर्चीत टेकून बसायला लावलं, आणि खडूने जिथे जिथे घासतं तिथे फुल्या मारल्या. इतक्या फुल्या झाल्या की पाठीवर मोकळी जागा उरली ती पाठीच्या कण्याच्या दोन्ही बाजूंना, आणि बाहीच्या मागच्या अंगाला कोपराच्या वर. वेल आता तिथून जाते. स्केचमध्ये हे मला सात जन्मात सुचलं नसतं, आणि मागून चालताना बघितलं तर बाही हलते तशी ती वेल पाठीवरून बाहीवर जाते आणि परत तुटते. तुटते ते आता मुद्दाम वाटतं.

सगळं भारी झालं असं नाही. मणी नको म्हणाले, मी हट्ट धरला, दोन ओळी लावल्या, त्या कापडाला जड झाल्यात आणि पाठ जरा लोंबते. @जुनी_पेटी ताईंचं फॉर्च्युनीच्या मण्यांचं वाचून मला वाटलं होतं वजनाने मजा येईल. तिथे रेशीम होतं, माझं जाड सुती कापड आहे, हे कुणी आधी सांगायचं!

@सरळ_बोलतो तुमचं फोटोतल्या हातांचं वाक्य मॅडमना ऐकवलं, मग मशीनचं पण सांगून टाकलं. पाच मिनिटं शांत होत्या. मग म्हणाल्या रिपोर्टमधली वारश्याची तीन पानं काढ आणि त्या खडूच्या फुल्यांचा फोटो लाव. काकांना विचारलं की आतल्या पट्टीवर माझ्या नावाबरोबर तुमचंही नाव भरू का. ते म्हणाले, आधी ती पाठ लोंबतेय ती बघ, खालची मण्यांची ओळ काढावी लागेल, नावाचं नंतर बघू. तर आता तीच ओळ काढत बसलेय.

एक_वाचक

फोटो टाका की मग.

उसवलेली_शिवण

उलट्या बाजूचा टाकते.